कोरडा बंब

हैबतराव : केस सोडीन, पर आदी तोंड उघड. बंबात पाणी न्हाई आन जाळ घातलासच कसा?

सगुणा : इसारले.

तुळजाबाई : सोड रं हैबती! इसारली म्हनती न्हवं? सकाळच्या पारी लक्षुमीवर हात टाकतूयास. मी आई हाय तुजी, सांगते सोड.

(पौषातली सकाळ, मुळशीकडचं भरे गाव, साल एकोणसाठ. न्हाणीच्या दारात तांब्याचा बंब आडवा पडलाय. तळाचा डाख वितळून जोड उकललेत. पलीकडे चुलीवर तपेल्यात पाणी उकळतंय. हैबतरावाच्या मुठीत बायकोचे केस, आणि दोघांच्या मधे त्याची म्हातारी आई. या घरात सगुणेनं कधी आवाज चढवला नाही, म्हणून सगळ्यांनी तिला गरीब गाय ठरवून टाकलेलं. माणसं अशीच फसतात.)

हैबतराव : इसारली! रोज उठून आदी घागरी वतायच्या, मग जाळ घालायचा. आंधळं माणूस बी इसरायचं न्हाई. हे घे. आता ध्यानात ऱ्हाईल.

तुळजाबाई : अगं बया, ओठ फुटला की! रगत आलं रं मेल्या!

हैबतराव : येऊ दे. पहाटं न्हायला गेलो तर न्हाणीत नुसता धूर आन राखंत डाखाचं गोळं. भाऊबंद हसतील मला.

तुळजाबाई : झालं ते झालं. बाबा, माझं गुडघं धरल्यात, मला शेकायला ऊन पाणी लागतंय. कंचाबी आण पर लवकर आण. न्हाईतर चुलीवर मोठा हंडा ठेवूया, काय बिघडलं?

हैबतराव : हंडा? हैबतरावाच्या घरात हंड्यावर न्हायचं? भावकीतल्या भिवाजीच्या बंबाच्या तोटीवर मोर हाय, मोर! त्यो मिशीला पीळ देत सांगतोय साऱ्या गावाला. मला त्याच्या दीडपट बंब पायजे. कोंडाजी तांबटाला तवाच सांगावा धाडलाय, आत्ता येईल पिरंगुटाकडनं गाडी घिऊन. दोन बंब आणतोय दावायला, एक तांब्याचा, एक पितळंचा.

तुळजाबाई : पितळंचा लवकर काळा पडतो म्हनं. आन भिवाजीचा चिंधू सांगत हुता, म्हमईत भिंतीतनं ऊन पाणी येतंय. ईजंवर.

हैबतराव : ईज आपल्या डोक्यावरनं जातीया म्हमईला. खाली उतरंल तवा बगू. तांब्याचाच घ्यायचा. आन नाव माझं घालायचं, ठसठशीत. ह्या जुन्यावर हिच्या बाचं नाव. आंदण दिलं म्हनून रोज न्हाताना सासऱ्याचं तोंड बगायचं व्हय? ह्यो मोडीत देऊन टाकतो.

सगुणा : बंब नगं.

हैबतराव : काय म्हनलीस?

सगुणा : नवा बंब घरात आणायचा न्हाई. तांब्याचा न्हाई, पितळंचा बी न्हाई.

हैबतराव : तुला इचारलं कुणी? आं? तुला इचारलं कुणी, टवळे!

तुळजाबाई : फुकणी ठेव खाली! हैबती, लोखंडी हाय ती... अगं आई गं, पाठीत घातलीस की! सगुणे, तू आत जा. गप आत जा माय.

सगुणा : न्हाई जात. मारा. पाठ जुनी हाय, तिला ठाव हाय. पर बंब नगं.

हैबतराव : का नगं? दुसऱ्यांदा पाणी वतायचं इसारशील म्हनून?

सगुणा : मी इसारले न्हवते.

तुळजाबाई : आता काय बोलतीस बाई?

सगुणा : न्हाणीत बगा जाऊन. दोन्ही घागरी काठोकाठ भरलेल्या हायेत. मीच भरल्या. बंबात थेंब वतला न्हाई. गवऱ्या घातल्या, ढलप्या घातल्या, जाळ केला आन म्होरं बसून बगत ऱ्हायले. आदी काळा पडला. मग तळाला लाल झाला. मग डाख गळाय लागला, थेंब थेंब. माझ्या बानं दिलेला बंब, माझ्या हातानं मारला.

हैबतराव : जाणूनबुजून?

सगुणा : व्हय.

हैबतराव : आये, ऐकलंस? येड लागलंय हिला. घरातली चीज जाळती आन वर तोंड करून सांगती. का गं? का?

सगुणा : पारूला इचारा.

तुळजाबाई : सगुणे, त्यो इषय नगं. पोरगी माळ्यावर हाय, ऐकंल.

सगुणा : ऐकू द्या. गावाला ठाव हाय, पारू खेळता खेळता बंबावर पडली. पौडाच्या डाक्टरला तुमीच सांगितलंत आत्याबाय. मी शेजारी उभी हुते, माझ्याकडं बगून सांगितलंत.

तुळजाबाई : घराची आब्रू हुती गं. पोरीचं उद्या लगीन करायचं. काय सांगणार हुते मी?

सगुणा : भाकर करपली म्हनून यांनी तोटी सोडली, तांब्या भरला आन माझ्यावर फेकला, हे सांगायचं हुतं. मी वाकले. माझ्यामागं पारू उभी हुती.

हैबतराव : चुकून झालं ते! मी काय पोरीवर टाकलं व्हय? माझ्या पोटची पोरगी हाय ती!

सगुणा : न्हाई, तिच्यावर न्हाई टाकलं. माझ्यावर टाकलं. त्यात चुकी न्हवती.

तुळजाबाई : पुरं कर माय, पुरं कर.

सगुणा : मी वाकले नसते तर तिची मान, तिचा खांदा हाय तसा ऱ्हायला असता. रोज हेच येतंय मनात. बंब फुरफुराय लागला की ती माळ्यावर चढून बसती, आत्याबाय. ऊन पाणी अंगाला लावून घेत न्हाई. असल्या थंडीत वड्यावर जाऊन न्हाती. ह्यांना दीडपट बंब पायजे. दीडपट!

हैबतराव : लई बोललीस. आज तुजी जीभच कापतो. आये, बाजूला हो. कोयता कुटं हाय?

तुळजाबाई : हैबती! कोयत्याला हात लावू नगंस! तुज्या बाची आण हाय तुला! आरं कोण हाय का भायेर, धावा रं!

सगुणा : हाका मारू नगा, आत्याबाय. येऊ द्या त्यांना. या, म्होरं या. चुलीवरचं तपेलं खळाखळा उकळतंय. दोन्ही काठ पदरानं धरल्यात मी. उचललं बगा.

हैबतराव : ठेव. ए, ठेव ते खाली.

सगुणा : मागं किती सरताय? मागं भिंत हाय. अवं, सांगा की. कंचा घेऊ या बंब? तांब्याचा का पितळंचा?

हैबतराव : सगुणे, मी नुसतं भ्या दावत हुतो.

सगुणा : मोर कुटं बसवायचा? तोटीवर का झाकणावर?

हैबतराव : आये, सांग की हिला! बगत काय उभी ऱ्हायलीस!

तुळजाबाई : पोरी, तुजा हात भाजंल गं. पदर ओला झालाय बग.

सगुणा : भाजतोच हाय. भाजू द्या. आन नाव काय घालायचं म्हनलात? ठसठशीत घालायचं न्हवं?

हैबतराव : वाफ लागतीया! तोंडाला वाफ लागतीया!

सगुणा : अजून वाफच हाय. कोयता टाका.

हैबतराव : टाकला. हे बग, टाकला.

सगुणा : पायानं दाराभायेर सारा.

हैबतराव : सारला. आता ठेव. पाया पडतो तुज्या.

सगुणा : कोंडाजी आला म्हंजी त्याला काय सांगायचं?

हैबतराव : नगं म्हनून सांगतो. बंब नगं.

सगुणा : मोठ्यानं. माळ्यावर ऐकू जाऊ द्या.

हैबतराव : बंब नगं! घरात बंब येणार न्हाई!

तुळजाबाई : ऐकलं तिनं, सगुणे. सारं ऐकलं. आता ठेव माय.

सगुणा : ठेवत न्हाई. वतते.

हैबतराव : आई गं! मेलो! मेलो गं आये!

तुळजाबाई : गप! ओरडू नगंस. पायापाशी वतलं तिनं, जमिनीत मुरलं सारं. एक थेंब न्हाई लागला तुला. ऊठ. आरं ऊठ, लाज वाटू दे. माझ्या नातीनं हूं की चूं केलं न्हवतं, सारा खांदा सोलला तरी.

हैबतराव : उठतो, आये, उठतो.

सगुणा : उठा लवकर. घुंगरं वाजली बगा, गाडी आली. कोंडाजीला वाटंला लावा.

हैबतराव : आन... जुना? जुना देऊ का त्याच्याकडं मोडीत?

सगुणा : जुना न्हाई द्यायचा. हितंच ऱ्हाऊ द्या, न्हाणीच्या दारात. रोज त्याला वलांडून जायचं तुमी. आन न्हायला वड्यावर जावा. पारू जाती तितंच.

हैबतराव : लोक काय म्हनतील?

तुळजाबाई : जा म्हनती न्हवं? जा.

हैबतराव : जातो.

सगुणा : पारू, उतर बाळा खाली. आता घरात कायबी उकळत न्हाई.

तुळजाबाई : हात दाव तुजा. अगं देवा! तळवं पांढरंफेक झाल्यात, कातडं सुटाय लागलंय. कोरफडीनं हे भागणार न्हाई. पौडाला न्यावं लागंल.

सगुणा : डाक्टर इचारंल, कसं भाजलं.

तुळजाबाई : इचारू दे.

सगुणा : आन तुमचं गुडघं? शेकायला ठेवलेलं पाणी मी वतून टाकलं.

तुळजाबाई : दुखू देत. पारूला बी संगं घे. डाक्टरला आदी तिचं सांगते, मग तुजा हात दावू.