रेनकोटच्या आतलं रिव्हॉल्व्हर

— नाही सर, गंज नाही तो, ट्यूबलाइटचा उजेड तसा पडतो. हातात घ्या ना. रिकामं आहे, सहाही घरं रिकामी, हे बघा — आता तुम्ही बघा. नाही नाही, मी बघितलं ते माझं झालं, तुम्ही तुमचं बघा. हां. सेकंडहँड आहे, पण दर रविवारी चर्चमधून आल्यावर तेल दिलंय त्याला, अकरा वर्षं. कोणी? मीच. काकांचं आहे ते, फिओदोर काकांचं — त्यांनीच वाढवलं मला. नववीत शाळा सोडून मी त्यांच्या बोटीवर गेलो, म्हणून तुमच्यासारख्या शिक्षकांशी बोलताना माझं असं होतं — घाम येतो, राग मानू नका.

अस्वलावर चाललंय का? नाही. एकदाही नाही. चांगलंच की, म्हणताय — हो, सगळे तेच म्हणतात.

आता छातीवर बांधा होल्स्टर. घट्ट. आता त्यातून रिव्हॉल्व्हर काढा — मस्त, सर! दीड सेकंद. आता हा तुमचा रेनकोट वरून घाला, चेन गळ्यापर्यंत लावा आणि काढा. हसू नका ना. एवढं एकदा करा, मी मोजतो. एक — दोन — तीन — चार — नाही, चेन अडकली, बघा, अशीच अडकते. अस्वलाला चार सेकंद फार होतात सर, ते घोड्यासारखं येतं. म्हणून होल्स्टर कोटाच्या वर. भिजलं तरी वरच. आणि हा मिरचीचा फवाराही न्या, कमरेला, नाहीतर तुमच्या बाईंच्या हातात द्या — नको? दोन-दोन वस्तू कोण सांभाळणार? बरं.

तुम्ही ॲरिझोनाचे, तिकडे पाऊस कमी. इथे आमच्या बेटावर पाऊस म्हणजे समुद्रच उडत येतो, खारट, लोखंड खातो. म्हणून आम्ही लोक काय करतो — बंदूक जपतो. वर कोट घालतो. चूक आहे ती. मी सांगतो ना, चूक आहे.

काकांनी तेच केलं? हो. म्हणजे — नाही. काका कधीच करत नसत. त्या दिवशी आम्ही हरीण मारलं होतं, ऑक्टोबरात, नदीच्या वरच्या अंगाला. इथल्या अस्वलांना बंदुकीचा आवाज म्हणजे जेवणाची घंटा, ठाऊक असतं आम्हाला, म्हणून घाईघाईनं खाली निघालो. हरीण माझ्या पाठीवर, काका पुढे, रिव्हॉल्व्हर छातीवर उघडं. पाऊस लागला. आणि मी म्हटलं — "काका, कोट घाला वरून, कालच तेल दिलंय." काका म्हणाले, "बायको आहे का रे तुझी ती?" — पण घातला. माझं मन राखायला घातला सर. गळ्यापर्यंत चेन लावली.

गवतातून आली ती. अस्वलाची मादी. काकांचा हात छातीवर गेला आणि कोटावरून घसरला, परत गेला, परत घसरला. चेन ओढत होते. माझे दोन्ही हात हरणाच्या पायांत, हरीण बांधलेला पट्टा सुटेना. मी ओरडलो फक्त. काय ओरडलो, माहितीये? चेन, काका, चेन! जसं काही त्यांना ठाऊक नव्हतं.

नाही, आहेत. जिवंत आहेत. अँकरेजच्या दवाखान्यात तीन महिने होते. जबडा नाही राहिला, बोलता येत नाही. पाटीवर लिहितात. चहा लिहितात, खिडकी लाव लिहितात, माशाचं सूप खारट झालंय लिहितात. मी रोज बघतो, आज लिहितील — तू सांगितलंस म्हणून. एकदा लिहिलं ना, तर मी — काय करीन, ठाऊक नाही. पण ते लिहीतच नाहीत. मी रविवारी तेल देत बसलो की माझ्याकडे बघतात फक्त. आणि या रविवारी लिहिलं, "विक."

म्हणून आलं ते इथे, या कपाटात. मला वाटलं होतं, कोणी घेणार नाही. आज ते मांडलं आणि पहिल्याच दिवशी तुम्ही नेमकं त्यावर बोट ठेवलंत.

नाही, विकणार नाही असं कसं म्हणू? तुमची सरकारी चौकशी झाली, फोनवर होकार आला, दुकान मार्थाबाईंचं. मी नाही म्हटलं तर तुम्ही दुसरीकडे घ्याल, तिथे कोट घालायला कोण लावणार? ही पावती. ही गोळ्यांची पेटी, वेगळी. नदीकाठी बोलत चला, मोठ्यानं. बाई गाडीत थांबल्यात ना? त्यांनाही सांगा. हो, होल्स्टर राहू द्या बांधलेलं, छान बसलंय. या सर.

— अहो सर, दार जड आहे, खांद्यानं ढकला. पाऊस आहे, हो. भिजेल, हो, भिजू दे — सर, कोट वरून नका घालू — सर! ती चेन —

काही नाही, मार्थाबाई. विकलं गेलं. तुम्हाला काय हवं होतं, आजी? गळ? या, इकडे या.