दोष पाण्याचा

शाळेच्या नळाच्या पाण्यात शिसं सापडल्यावर मुख्याध्यापिका बाई पाण्याची बाटली घेऊन पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. शेजारी एक आजोबा फिल्टरवाल्याला फैलावर घेत होते. त्याच्या शर्टावर त्याच कंपनीचं नाव होतं, जिचे फिल्टर आज शाळेत बसायचे होते.

“नळापेक्षा तुमच्या फिल्टरच्या पाण्यात शिसं जास्त निघालं! नात पिते हो ते.”

“आजोबा, फिल्टरला नावं ठेवू नका. आतली वाळू शिसं अंगाला चिकटवून घेते.”

“मग?”

“तुमचं पाणी हल्ली आम्लधर्मी झालंय. तशा पाण्यात वाळूची पकड सुटते.”

“म्हणजे आधी धरलेलं शिसंही सोडते?”

“सोडणारच! पण दोष पाण्याचा.”

“विकताना आमचं पाणी तपासलंत?”

“डेमोला पाणी आम्ही आमचंच आणतो.”

“म्हणजे फिल्टर चालायला आधी पाणी चांगलं हवं.”

“आत्ता कसं बोललात!”

“बोलून घसा कोरडा पडला असेल. घ्या घोटभर, तुमच्याच फिल्टरचं आहे.”

“छे छे, मी बाहेरचं पाणी पीत नाही.”

बाईंनी फोन लावला.

“शिपाईमामा, फिल्टरची गाडी आली तर फाटकातूनच परत पाठवा.”