कोरडं जानवं

(बनारस, १९९४. दुर्गाघाटाच्या गल्लीतलं एक मराठी घर. ज्येष्ठातली सकाळ, आठ वाजून गेलेत. दिनानाथगुरुजी खांद्यावर ओला पंचा टाकून नुकतेच आलेत. खालच्या चौकात त्यांची बायको कालिंदी वाट अडवून बसली आहे. मुलगी देवश्री जिन्यात उभी.)

कालिंदी : पंचा ओला आहे हो, मी कुठे नाही म्हणते? पण जानवं कोरडं कसं?

दिनानाथ : वाळलं असेल. ऊन काय कमी आहे?

कालिंदी : पंचा निथळतोय आणि जानवं वाळलं. दोन्ही एकाच खांद्यावर. मोठं निवडून पडलेलं दिसतंय ऊन!

देवश्री : आई, छोडो ना. बाबांना आत तर येऊ दे.

कालिंदी : तू मधे पडू नकोस. बत्तीस वर्षं यांची धोतरं धुतेय मी. गंगेत बुडी मारून आलेला माणूस मला दारातून कळतो. कानामागे रेती असते, शेंडीतून पाणी गळत असतं. चैत्रात माझ्या लक्षात आलं, रेती नाही की पाणी नाही. बोलले नाही. म्हटलं, बघू तरी हे सोंग किती दिवस चालतं.

दिनानाथ : सोंग काय म्हणतेस? अगं, नऊ वाजता देवळाचे विश्वस्त यायचेत. श्रावणातल्या महारुद्राचं विचारायला. मला जरा आवरून बसू दे. बाकी मागाहून बोलू.

कालिंदी : मागाहून नाही. ते यायच्या आत बोला, नाहीतर त्यांच्यासमोर विचारीन. अकरा दिवस आचार्य म्हणून जो आसनावर बसणार, तो गंगेचं नाव सांगून रोज पहाटे जातो कुठे, हे त्यांनाही कळू दे.

दिनानाथ : तू असं करणार नाहीस.

कालिंदी : काल रात्रीपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. मग तुमच्या झोळीतले दर्भ बदलायला गेले. हे बघा काय निघालं खालून.

देवश्री : अरे बाप रे.

कालिंदी : लेंगा. इलास्टिकचा. जन्मात धोतराशिवाय काही नेसला नाही हा माणूस. मुंजीतल्या बटूनं पाटलोण घातली तर त्याच्या बापाला दटावतो. आणि याच्या झोळीत दर्भाखाली लेंगा! कुणी दिला?

दिनानाथ : शिवून घेतला.

कालिंदी : कुणाकडून? तुम्हाला तर दरजी कुठल्या गल्लीत बसतो तेही ठाऊक नाही. देवश्री, तू का खाली बघतेस?

देवश्री : मी... मैंने कुछ नहीं किया.

कालिंदी : हिंदीत शिरलीस म्हणजे केलंयस. ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

देवश्री : मीच दिला शिवायला. बाबा म्हणाले, आईला नको सांगूस. बस, इतकंच.

कालिंदी : छान. म्हणजे लेकीलाही सामील करून घेतलंत. आता माझंही ऐका. शुक्रवारी प्रमोदिनीवन्सं अहिल्याबाई घाटावर गेल्या होत्या. सख्खी बहीण तुमची, ती काही खोटं सांगायची नाही. म्हणाल्या, वहिनी, दादा एका घराच्या जिन्यावरून उतरत होता आणि एका गोऱ्या बाईनं त्याचा हात धरला होता. हात! मी म्हटलं, तुमचे चष्मे बदला. तोंडानं असं म्हटलं आणि आत जाऊन रडले.

दिनानाथ : रडलीस?

कालिंदी : मग काय आरती ओवाळू? घराखालचा आपला घाट सोडून हा माणूस तिकडे लांब जातो. तेही मैदागिनहून रिक्शा करून! ज्यानं मला माझ्या बाळंतपणात सुद्धा पायी चालवलं!

दिनानाथ : रिक्शाचंही कळलं तुला?

कालिंदी : मोहल्ल्यात कळायचं राहिलंय कुणाला? मलाच तेवढं शेवटी कळलं.

देवश्री : बाबा, बता दो ना. आई भलतंसलतं समजून बसलीय.

दिनानाथ : योगासनं करायला जातो.

कालिंदी : काय?

दिनानाथ : योगासनं. पावणेसहा ते सात. ती गोरी बाई तिथली विद्यार्थिनी आहे. चार गोरे आहेत, एक बंगाली डॉक्टर आणि मी. माझा गुडघा जिन्यात अडकला, म्हणून तिनं हात धरला. तिच्या जागी बैल असता तरी मी धरला असता.

कालिंदी : साठीत योगासनं! आणि हे मी खरं मानायचं? योगासनं काय पाप आहे, चोरून करायला?

दिनानाथ : पाप नाही. पण शिकवणारी बकुळ आहे.

कालिंदी : कोण बकुळ?

दिनानाथ : रत्नाकर मास्तरांची.

कालिंदी : ती बकुळ? गणपतीत, भरल्या मंडपात, जिला तुम्ही...

दिनानाथ : हो, तीच.

देवश्री : काय झालं होतं? मला कुणी सांगितलंच नाही.

कालिंदी : तू लहान होतीस. पंधरा-सोळा वर्षांची पोर, गणपतीच्या कार्यक्रमात शीर्षासन करून दाखवत होती. छान आवळून पातळ नेसलेली. तुझ्या बाबांनी मधेच थांबवलं. म्हणाले, मास्तर, पोरीला आधी सरळ उभं राहायला शिकवा. सगळे हसले. पोर तशीच खाली आली आणि घरी निघून गेली. पुढे मास्तरांनी आपल्याकडे येणंच बंद केलं.

दिनानाथ : तिला सगळं आठवतंय. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा दारात तिनं नमस्कार केला आणि म्हणाली, काका, या, आधी सरळ उभं राहायला शिकू.

देवश्री : क्या बात है!

कालिंदी : बघा. मनात ठेवलंय तिनं. ती तुम्हाला बरं कशाला करेल? सगळ्या बनारसला सांगत सुटेल, गुरुजी माझ्या पायाशी आले म्हणून. तुम्ही इतके भोळे कधीपासून झालात?

दिनानाथ : मलाही हेच वाटलं होतं. पंधरा दिवस ती मला नुसतं उभं करत होती. पावलं जुळवून, भिंतीला पाठ लावून. मला वाटलं, सूड घेतेय. सोळाव्या दिवशी मी हटून पद्मासन घातलं. म्हटलं, हिला दाखवू, आपण कोण आहोत ते.

कालिंदी : मग?

दिनानाथ : घातलं. सुटेना. त्या बंगाली डॉक्टरनं एक पाय सोडवला, गोरीनं दुसरा.

देवश्री : बाबा!

कालिंदी : हसू नकोस ग. मग ती हसली असेल, बकुळ.

दिनानाथ : नाही. तेच तर. मी वाट बघत होतो, आता हसेल, आता काही बोलेल. तिनं घोंगडीच्या चार घड्या केल्या, मला त्यावर भिंतीशी बसवलं आणि विचारलं, काका, कुठे दुखतंय? रोज आल्या आल्या ती प्रत्येकाला हेच विचारते. मी रोज सांगायचो, कुठेच नाही. त्यावर ती म्हणायची, मग आज काही करायचं नाही, बसा. आणि खरंच, बाकीचे आसनं करायचे आणि मी तासभर नुसता बसायचो, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा.

कालिंदी : तरी गेलात?

दिनानाथ : न जाऊन काय करू? गंगेचं पाणी खाली गेलंय, पायऱ्या वाढल्यात. आपल्या घाटाच्या पायऱ्या उतरणं होत नाही मला. माघात एकदा मधेच अडकलो. ना वर येता येईना, ना खाली जाता येईना. पहाटेची वेळ, कुणी बघितलं नाही. तेव्हापासून तू उठायच्या आत इथल्या नळावर अंघोळ उरकतो. पंचा तेवढा येताना ओला करतो.

कालिंदी : माघापासून! आणि मला एका शब्दानं नाही सांगितलंत.

दिनानाथ : सांगितलं असतं तर खरं झालं असतं. तीस वर्षं मी त्या आसनावर चार-चार तास मांडी मोडली नाही. लोक रुद्र ऐकायला येत नाहीत ग, गुरुजी हलत नाहीत ते बघायला येतात. हलणारा आचार्य कोण बोलावतो? विश्वेश टपलेलाच आहे, माझाच पुतण्या.

कालिंदी : मग आता गुडघा बरा झाला? आज होकार देणार?

दिनानाथ : काल रात्रीपर्यंत द्यायचा होता.

कालिंदी : आणि आज?

दिनानाथ : वैशाखात एका सकाळी तिनं विचारलं, काका, कुठे दुखतंय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दोन्ही गुडघे. एवढंच म्हटलं आणि रडू आलं मला. परक्या माणसांत. आयुष्यात मला कुणी असं विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती खरं शिकवायला लागली. आता जिना निम्मा चढतो. पण मांडी नाही होत. आज मी तिला म्हटलं, श्रावणापर्यंत काहीतरी युक्ती कर, चार तास निभावले पाहिजेत. ती म्हणाली, काका, लोकांसमोर न दुखल्यासारखं बसायचं आसन मला येत नाही.

देवश्री : दार वाजतंय. विश्वस्त आलेसं वाटतं.

कालिंदी : नऊ कुठे वाजलेत! आता काय सांगणार त्यांना?

दिनानाथ : देवश्री, त्यांना पुढच्या जिन्यानं वर बैठकीत नेऊन बसव. आणि तूच सांग, बाबांना मांडी घालून बसता येत नाही. चौरंगावर पाय सोडून बसलेला आचार्य चालत असेल तर येतील. नसेल तर विश्वेशला बसवा, त्याचं पाठांतर चोख आहे.

देवश्री : मी? पक्का? शब्दशः असंच सांगू?

दिनानाथ : असंच. मी येतोच मागून.

कालिंदी : थांबा. हे खरं बोलताय ना? का मला गप्प करायला?

दिनानाथ : अजून संशय आहेच?

कालिंदी : चार महिने ओला पंचा दाखवलात. संशय एका सकाळीत कसा जाईल?

देवश्री : जाते मी. पण जाण्यापूर्वी एक बोलू, बाबा? आईला तुमचं जानवं लांबून कोरडं दिसतं. आई हा जिना कसा उतरते, ते तुम्हाला दिसलंय?

कालिंदी : देवश्री, जा तू. दार उघड.

दिनानाथ : कसा उतरते?

देवश्री : बसून. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरापासून इथपर्यंत, एकेक पायरी. दोन साल हो गए. तुम्ही घाटावर असता तेव्हा. आज तुम्हाला अडवायचं होतं, म्हणून सहा वाजल्यापासून खाली येऊन बसलीय ती. येते मी.

दिनानाथ : बसून?

कालिंदी : तिचं काय ऐकता! पोरीला कशाचंही नाटक करायची सवय.

दिनानाथ : म्हणून तू मघापासून उठली नाहीस.

कालिंदी : तुमची वाट अडवायला बसले होते.

दिनानाथ : कुठे दुखतंय?

कालिंदी : कुठेच नाही.

दिनानाथ : मग आज काही करायचं नाही. बस.

कालिंदी : वर विश्वस्त आलेत. त्यांना पन्हं करायचंय, कैऱ्या उकडून ठेवल्यात.

दिनानाथ : देवश्री करेल. सरक थोडी, मलाही टेकू दे भिंतीला.

कालिंदी : लोक काय म्हणतील? यजमान वर बसलेत आणि गुरुजी खाली चौकात बायकोशेजारी.

दिनानाथ : म्हणू देत.

कालिंदी : ...डावा. होळीपासून उजवाही.