मामा वाट चुकतो म्हणे!

म्हणजे वाटलं होतं काय आणि झालं काय! तुम्हाला सांगते, पुण्यात लोककथा शिकले, परीकथेचं मूळ काय, अर्थ काय, यावर वर्गात घसा बसेपर्यंत भांडले, आणि ठरवलं, गावी जायचं, आपल्या गोष्टी गोळा करायच्या! कारण आमच्या पोरांना परी म्हटलं की पांढरा फ्रॉक आणि चमचमती कांडी... अरे, आपली परी कुठंय? तर आहे! कापसाच्या बोंडातून निघते, ज्वारीची भाकर मागते! पण पूर्ण गोष्ट येते फक्त शेजारच्या बयनाकाकूला. गेले मोबाईल घेऊन. म्हटलं, काकू, सांगा. तर म्हणते, "आता? दिवसा? तुहा मामा वाट चुकन ना वं!"

ऐकलंत? दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो! बरं, संध्याकाळी जावं, तर दिवसभर कापूस वेचून आलेली बाई, शेवटचा घास तोंडात असतानाच घोरायला लागते! आणि उद्या ती चालली मंचेरियलला, लेकीच्या बाळंतपणाला. होळीपर्यंत परत नाही! मग मी पेटले. भर वावरात, वेचणाऱ्या बायांपुढे भाषणच ठोकलं, "या समजुतीचं मूळ बघा! गोष्टीत रमलं की हात थांबतात, कापूस झाडावर राहतो, म्हणून कुण्या शहाण्यानं भीती घातली! एवढाच अर्थ!"

काकूचे हात काही थांबले नाहीत. "बराबर हाय. मंग त्या शहान्याले मामा होता का नोता?"

बाया अशा खिदळल्या... वर त्यांच्यातलीच रुक्माबाई म्हणते, "इतकी शिकली, पन मामाची कदर नाई पोरीले!"

माझा मामा! उद्धवराव! इचोड्याला भाजीचं दुकान, दुकानामागेच घर. तो चुकणार कुठं, तुम्हीच सांगा! चुलीपासून गल्ल्यापर्यंत येताना?

हेच काकूला ऐकवलं, पुन्हा ऐकवलं, शेवटी पाघळली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधून ओट्यावर बसली. "ये, गाडी याले टाइम हाय. तुहा मामा घरीच असते ना? सांगून टाकतो." मी मोबाईल काढला, बोट बटणावर ठेवलं... आणि आमच्या अंगणातून आई ओरडते, "अवं, मामाचा फोन आल्ता! नवा टेम्पो घेऊन नागपूरले निघाला, पयल्यांदाच एकटा!"

काकू माझ्याकडे बघते. मी काकूकडे. मूळ काय, मला ठाऊक. अर्थ काय, मला ठाऊक. कालच तर भाषण दिलं...

"काऊन वं, सांगू?"

मोबाईल पिशवीत टाकला. म्हटलं, राहू द्या काकू, मीच येते मंचेरियलला. रात्रीची ऐकू.

हसू नका! मूळ असो, अर्थ असो... मामा मला एकच आहे हो!