गोंधळ घातला म्हणून

(ग्रामपंचायतीची खोली, १९९६. सरपंच जयवंताबाई आणि कारकून नागोराव.)

नागोराव : दस्तखत करा ना बाई. सोमवारच्या सभेचा अहवाल आज मंडलाच्या हापिसात पोचवा लागते.

जयवंताबाई : पैले वाचून दाखवा.

नागोराव : "चंपत मारोती यांनी सभेत गोंधळ घातला. दोनदा ताकीद देऊनही ऐकले नाही, म्हणून सरपंचांनी त्यांना बाहेर काढले. पुढील कामकाज शांततेत पार पडले."

जयवंताबाई : चंपतले काल माती दिली, नागोराव.

नागोराव : म्हाईत आहे. हगवण लागली, दवाखान्यात नेता नेता आदिलाबादच्या बसमंदीच गेला. वाईट झालं. पण सभा तं सोमवारी झाली ना?

जयवंताबाई : तो काय म्हणत होता, ते काऊन नाही लिहिलं?

नागोराव : विषय शाळेच्या छपराचा होता. तो तुमच्या वस्तीतल्या विहिरीचं बोलून राह्यला होता. नालीचं पाणी उतरते म्हणे. विषय सोडून बोललेलं लिहीत नसतात.

जयवंताबाई : पैल्या सभेत मी उठली तं सारे हासले होते. तुमीच सांगतलं, एकाले मधात बोलू द्याल तं खुर्ची गेली समजा.

नागोराव : खोटं सांगतलं का? सोमवारी त्याले काढल्यावर कोनाचा चकार शब्द निघाला नाही.

जयवंताबाई : वरच्या आळीचे लक्ष्मणराव त्याच्या आंधी चारदा मधात बोलले. त्यायले मी काई म्हटलं?

नागोराव : त्यायची गोष्ट येगळी. अर्धं गाव त्यायच्या मांगं आहे.

जयवंताबाई : तेच तं. चंपत आमच्या वस्तीतला. त्याले काढलं तं कोनी आडवं येनार नाही, हे मले ठाऊक होतं. म्हणून माहा आवाज निघाला. कोतवालानं दंडाले धरून नेलं त्याले. दारात वळून पाह्यलं. वाटलं, शिवी देईल. "बरं बाई" म्हटलं अन् गेला. मले बरं वाटलं, नागोराव. घरी जाऊन पोटभर जेवली मी.

नागोराव : हे काई कागदावर येत नाही बाई. डोळे पुसा. त्याची बायको येऊन राह्यली.

रुक्माबाई : बाई, सासूले बी लागली आता. तेच पाणी पाजून राह्यलो. दुसरं कुठून आनू?

जयवंताबाई : नागोराव, विहीर आजच बंद करा.

नागोराव : मंग ह्या लोकायले वरच्या आळीची विहीर खुली करा लागन. त्याले ठराव पाह्यजे. लक्ष्मणराव उठतील.

जयवंताबाई : उठू द्या. दवंडी द्या, चार वाजता सभा. अन् सोमवारचं नव्यानं लिहा. चंपत मारोती यांनी विहिरीचं पाणी खराब असल्याचं सांगितलं. सरपंचांनी ऐकून घेतलं नाही.

नागोराव : बाई, सोताच्या हातानं लिहून देता?

जयवंताबाई : लिहा. रुक्मा, तू ये सभेले. त्याले जे सांगाचं होतं, ते तू सांग.

रुक्माबाई : मले कुठं येते बाई? ते तं सभेच्या आंधी दोन दिस घरी पाठ करत होते. मले समोर बसवत, अन् हात जोडून म्हणत, "माननीय सरपंचबाई..." पुढचं माह्या ध्यानात नाही राह्यलं.