निष्ठेचा लिलाव, भाग दुसरा

...आणि मी म्हणतो, बोकड कशाला? नाही, तुम्हीच सांगा. फुटबॉलचा खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या क्लबात गेला तर जगभर काय करतात? करार करतात, चेक फाडतात, नवा शर्ट छातीशी धरून फोटो काढतात. आमच्याकडे? आमच्याकडे दहिवलीला भर दुपारी टेंपो आला, मागचं फळकं पडलं आणि आतून बोकड उतरला! काळा, कानाशी पांढरा ठिपका. आणि अप्पांनी त्याला पाणी पाजलं. म्हणजे मी तिथे उभा, उन्हातून स्कूटरवर आलेलो, घसा कोरडा, मला कुणी विचारलं नाही आणि बोकडाला पाणी!

पण तुम्हाला सांगतो, मूळ प्रश्न बोकडाचा नाहीच. मूळ प्रश्न निष्ठेचा आहे. निष्ठा म्हणून काही राहिली आहे की नाही?

आता पहिल्यापासून ऐका. दहिवलीचा क्लब अप्पांचा. अप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे असं म्हणायचं. तुम्ही खिळे मागायला गेलात की आधी रविवारी गोलकीपर कसा चुकला ते ऐकायचं, मग खिळे मिळतात, आणि काट्यावर लक्ष नसल्यामुळे जास्तच मिळतात. या माणसाने आयुष्यभर कर्जत-खालापूरची पोरं गोळा करून क्लब चालवला. खेळाडूंना सामन्याचं पाकीट द्यायचे. पाकीट दर सामन्याला असायचं, त्यात कधी काही असायचं, कधी "पुढच्या रविवारी बघू" एवढंच असायचं.

या क्लबात शुक्रा खेळायचा. डोंगराच्या पायथ्याला वाडी आहे ना, तिथला. चोवीस-पंचवीसचा गडी, पुढे खेळतो, डावा पाय. उतरणीच्या वावरात खेळून शिकलेला, त्यामुळे सपाट मैदानावर याला सुट्टीवर आल्यासारखं वाटतं. अप्पांनी त्याला बूट घेतले, गुडघा दुखावला तेव्हा डॉक्टर केला, घरावर पत्रे घातले, दर सामन्याला वाडीत टेंपो पाठवला, की याची आई, शेजारपाजार, सगळी वाडी बघायला आली पाहिजे. आणि हा शुक्रा, ऐन लीगच्या मध्यात, गेला! कुठे? मोहोपाड्याला. पाताळगंगा एफसीत!

ती एफसी जितेशशेठची. शेठ रसायनीच्या कारखान्यांना टेंपो पुरवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना फुटबॉलची आवड लागली. फुटबॉलची म्हणजे, फुटबॉलच्या फ्लेक्सची. शर्टावर पुढून शेठचं आडनाव, पाठीवर शेठचं आडनाव, खेळाडूचं नाव बाहीवर, ते पण लहान असेल तर. त्यांनी शुक्राला गोदामात कायमची नोकरी दिली, महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ, आणि सामन्याचे वेगळे. मी शेठला फोन करून जाब विचारला. तर म्हणतात, "साहेब, आता सगळं प्रोफेशनल झालंय. तुम्ही अजून इमोशनमध्ये आहात." मी इमोशनमध्ये! मी!

तुम्हाला सांगतो, मी पेटलो. रात्री घरी जेवताना आसावरीला, म्हणजे आमच्या मंडळींना, म्हटलं, ज्याने पत्रे घातले त्याला सोडून माणूस जातोच कसा? निष्ठा म्हणून काही राहिली आहे की नाही? मी बघ, एकतीस वर्षं एकाच पेपरात. 'उल्हासकाठ' एके 'उल्हासकाठ'. पगार वाढो न वाढो, सोडला का? तर ती भाजी वाढता वाढता शांतपणे म्हणते, "तुम्हाला दुसऱ्या पेपरने कधी बोलावलं होतं?" मी म्हटलं, प्रश्न तो नाही. "मग प्रश्न काय आहे?" म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे.

पण लेखमाला लिहायला घेतली. तीन भाग. 'निष्ठेचा लिलाव'. आणि मुद्दाम थांबलो. दहिवली आणि पाताळगंगा दोघांनाही फायनलला येऊ दिलं, आणि फायनलच्या आठवड्यात बुधवारी पहिला भाग ठोकला. पहिल्या पानावर! काय भाषा लागली होती म्हणून सांगू... "रात्रीतून पळालेला", "चार पैशांसाठी विकला गेलेला", एक वाक्य तर असं होतं की मीच दोनदा वाचलं.

गुरुवारी सकाळी ऑफिसात चिंधीबाई हजर. शुक्राची आई. हातात 'उल्हासकाठ', घडी करून, आणि मागे वाडीतल्या चार बाया. मी खुर्ची पुढे केली, बसली नाही. म्हणाली, "तूच का रं तो लिवनारा?" म्हटलं, हो, मीच. "माजा पोर पळून ग्येला म्हून लिवलंस?" म्हटलं, बाई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे... "आमच्यात पळून जात नाय कोनी. एक घर सोडायचं तर चार मान्सांत बसून सोडत्यात. त्ये ऱ्हायलं व्हतं, मी मानते. पोर घाईत ग्येला. पर आता तू छापलंस. आता जवर बैठक व्हत नाय, तवर शुक्रा चेंडूला पाय लावनार नाय."

म्हटलं, म्हणजे फायनल?

"फायनल न् बियनल. बसूनच ऱ्हाईल."

आता ही बैठक काय, ते मला नंतर कळलं. त्यांच्यात जुनी रीत आहे. लग्नात नवऱ्याकडचे मुलीच्या घराला देज, म्हणजे मुलीचं मोल, देतात. आणि पुढे ती बाई पहिलं घर सोडून दुसरीकडे नांदायला गेली, तर दुसऱ्याने पहिल्याचं देज फेडायचं. मग सगळ्यांनी एका पंगतीला बसून जेवायचं. आणि जो त्या पंगतीत जेवला, त्याने तो विषय पुन्हा काढायचा नाही. कधीच नाही. मी म्हटलं, वा, काय सुंदर रीत आहे, दुसऱ्या भागात चौकटीत घेऊ.

तर वाडीचं म्हणणं असं की शुक्रा दहिवलीला नांदत होता, आता मोहोपाड्याला नांदायला गेला, तेव्हा जितेशशेठने अप्पांचं देज फेडावं!

ही बातमी दहिवलीत पोहोचली आणि पोरांनी डोक्यावर हात मारून घेतले. हसून हसून. शुक्राला फोनवर फोन. "काय वहिनी, नवीन सासर कसं हाय? जाच नाय ना?" आणि मग कुणाच्या तरी डोक्यात ट्यूब पेटली. अरे, बैठक झाल्याशिवाय शुक्रा खेळत नाही, म्हणजे बैठक सोमवारी ठेवली, की रविवारी फायनलला शुक्रा नाही, आणि शुक्रा नाही म्हणजे कप आपला! क्लबने कप बघून किती वर्षं झाली होती ते अप्पांच्या दुकानातल्या कपाटाला विचारा, त्यात आता रंगाचे डबे ठेवतात.

पोरं अप्पांकडे गेली. मीही गेलो. मीच पुढे होतो. म्हटलं, अप्पा, काही खोटं करायचं नाही, नुसतं आजारी पडा. सर्दी. सोमवारी बरे व्हा. ज्याने निष्ठा सोडली त्याच्यासाठी तुम्ही उठून बसायचं काही कारण नाही.

अप्पा वजनकाटा पुसत होते. पुसून झाला, जागेवर ठेवला, मग म्हणाले, "अहो, पोरगं खेळायचं थांबलंय."

बस, एवढंच. मी म्हटलं, पण अप्पा, कप... तर म्हणाले, "बैठक शनिवारी, आपल्या ओट्यावर. चिंधीबाईला निरोप द्या, टेंपो पाठवतो." म्हणजे बघा, गेलेल्या खेळाडूच्या बैठकीला टेंपो पण यांचाच!

शनिवारी ओटा भरला. मला वाटलं, वाडीचा कारभारी म्हणजे पांढऱ्या मिशांचा, काठी टेकत येणारा म्हातारा असणार, फोटो चांगला येईल. तर आला जगदीश! जीन्स घातलेला, कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत असलेला, गळ्यात पट्टा अडकवलेलं ओळखपत्र. त्याने मध्ये बसून एकदम कामकाज चालू केलं. अप्पांनी काय काय दिलं? बूट. गुडघा. पत्रे. टेंपो. तेवढ्यात चिंधीबाई उठली. म्हणाली, दर उन्हाळ्याला मी अप्पाकडं करवंदाची पाटी घेऊन येते, ती बी धरा, ती आमची अप्पाकडं निघत्ये. पाव तास करवंदांवर वाद! शेवटी ठरलं, करवंदं मायेची, ती यात धरायची नाहीत. बाई बसली, पण तोंड फुगवून.

जितेशशेठ गॉगल लावून बसले होते. म्हणाले, "भाई, माझा प्लेअरशी करार आहे. सहीचा."

जगदीश म्हणाला, "शेट, तो करार तुमचा न् शुक्राचा. ह्यो हिशोब तुमचा न् अप्पांचा. तुमी अप्पांच्या घरातून मानूस नेलात, इचारलंत का?"

शेठनी गॉगल नाकावर नीट बसवला. मग हळूच म्हणाले, "विचारायचं असतं का?"

आणि तुम्हाला सांगतो, मला लाज वाटते सांगायला, ओट्यावर सगळे हसले. शेठ पण हसले. मी हसलो नाही, मी मुद्दा लिहून घेत होतो. शुक्रा खांबाला टेकून उभा होता, मान खाली. अप्पांनी त्याला विचारलं, "तुला तिकडे बरं आहे ना रे?" तर तो म्हणाला, "पगार टायमावर येतो, अप्पा." अप्पा म्हणाले, "मग झालं." आणि नाक शिंकरलं. सर्दी झाली होती म्हणे. मी सांगितलेली तेव्हा होत नव्हती!

ठरलं काय? शेठने क्लबातल्या सगळ्या लहान पोरांना बूट द्यायचे. तांदळाचं पोतं द्यायचं. आणि रविवारी सामन्यानंतर पंगत, तिच्यासाठी बोकड. अप्पा आधी नको नको म्हणत होते, मला खेळाडूचं मोल घ्यायचं नाही वगैरे. तेव्हा चिंधीबाई म्हणाली, "घ्या अप्पा. न्हाई घेतलंत तर माजा पोर फुकट ग्येला असं व्हईल." अप्पांनी मान डोलावली. टेंपो लगेच मोहोपाड्याला गेला आणि दुपारी परत आला. तो बोकड. ते पाणी. सांगितलंच तुम्हाला.

रविवारी फायनल. शुक्रा खेळला. कसा खेळला विचारू नका, मी दहिवलीचा आहे. एक-एक झालं होतं, शेवट जवळ आलेला, आणि याने डाव्या पायाने, तिरका, खांबाला घासून... गोल! पाताळगंगावाले नाचतायत, शेठचा ढोल सुरू, आणि हा माणूस नाचायचं सोडून सरळ मैदानाबाहेर गेला, अप्पा बसले होते तिथे, वाकून पाया पडला. अप्पांनी पाठीत धपका घातला. आणि परवानगीशिवाय मैदान सोडलं म्हणून रेफरीने त्याला पिवळं कार्ड दाखवलं! पाया पडला म्हणून पिवळं कार्ड! मी रेफरीला जाऊन म्हटलं, अहो, ही निष्ठा आहे, तर तो म्हणाला, "असू दे, पण ती लाइनच्या आतून दाखवायची."

हरलो आम्ही. कप मोहोपाड्याला गेला. आणि मला वाटलं, आता ओट्यावर सुतक असेल. तर मैदानामागे चुली पेटलेल्या, चिंधीबाई मोठ्या टोपात डाव घालून उभी, दहिवलीची आणि पाताळगंगाची पोरं मांडीला मांडी लावून बसलेली, लहान पोरं नवे बूट घालूनच जेवायला बसलेली, कुणी काढायला तयार नाही, आणि सगळे शुक्राला, "वहिनी, भात वाढा की!" तो पण वाढतोय. अप्पा आणि शेठ शेजारी शेजारी. शेठनी गॉगल काढला होता, मी पहिल्यांदाच डोळे बघितले, बरे आहेत.

मला चिंधीबाईने हाताला धरून बसवलं. "बस रं लिवनाऱ्या." मी म्हटलं, मी तटस्थ आहे. पण तो वास... अहो, दिवसभर उन्हात उभा होतो. मी बसलो. एक वाटी रस्सा घेतला. मग भात. मग दुसरी वाटी. ती मी मागून घेतली, हे मी नाकारत नाही. आणि वाटी तोंडाला लावलेली असताना समोरून जगदीश, ते ओळखपत्र गळ्यात, हसत हसत म्हणतो, "साहेब, झालं मग. आता तुमचा बी इषय संपला."

मी घोट गिळला आणि माझ्या लक्षात आलं.

सोमवारी संपादकांचा फोन. दुसरा भाग कुठे आहे? पान मोकळं ठेवलंय. म्हटलं, येत नाही. का? आजारी आहात? म्हटलं, नाही. मग? म्हटलं, जेवलो. ते म्हणाले, काय? मी फोन ठेवला. काय सांगणार? त्या जागी शेवटी मोहोपाड्याच्या टेंपोंची जाहिरात गेली.

म्हणून म्हणतो, निष्ठा म्हणून काही राहिली आहे की नाही? एकतीस वर्षं. आमदार झाले, ठेकेदार झाले, कुणाचा चहा घेतला नाही. आणि गेलो कशात? दोन वाट्या रश्शात. आणि वर बोकड पण ज्याच्यावर लिहीत होतो त्याचा! आसावरी म्हणते, "चला, बोलावलं तरी कुणीतरी."

आता तुम्ही विचाराल, मग हे एवढं आम्हाला का सांगताय, विषय काढायचा नव्हता ना? मी चिंधीबाईला विचारून घेतलंय. ती म्हणाली, लिवायचं नाय, बोललास तर कोन ऐकतंय तुजं.

बाकी माझी काही तक्रार नाही. शुक्राचं बरं चाललंय, अप्पांच्या पोरांना बूट आहेत, रस्सा तर असा झाला होता की... असो. एकच सांगतो. त्या बोकडाची नळी मी टोपात स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठेवली होती. चांगली, भरलेली. आणि चिंधीबाईने ती उचलून घातली कुणाच्या ताटात? रेफरीच्या! ज्याने तिच्या पोराला पिवळं कार्ड दाखवलं त्याच्या! यावर मी अख्खा लेख लिहिला असता हो...

पण जेवलोय ना.