एकच उपग्रह निवडा

…नाही नाही, चूक माझीच, मी कुठं नाही म्हणतोय? पण आभाळात एवढे उपग्रह टांगलेले, आणि आमच्या वाट्याला एकच! का? तर डिश सिमेंटात बसली की हलत नाही. अहो, साहेबाची बदली होते, बायको माहेरी जाते, पण डिश? नाव नको!

तुम्हाला सांगतो, घोटीच्या पलीकडं डोंगराखाली आमची सरकारी कॉलनी, एकवीस बिऱ्हाडं. नाशकात टीव्ही दिसायला लागून चार वर्षं झाली होती, पण आमच्या आडवा डोंगर. पडद्यावर नुसत्या मुंग्या! म्हणून अठ्ठ्याऐंशी साली सगळ्यांनी मिळून बारा फुटी डिश घ्यायची ठरवली. नाशकाहून गोटीराम डिशवाला आला, गच्चीवर उभा राहून नाकातून म्हणतो, "साहेब, दोनच नीट दिसत्यात. एक आपला दिल्लीवाला, एक रशियाचा. एकच निवडा."

झालं! आमचे स्टोअरकीपर पुंजाभाऊ उठले. उभा जन्म लाल बावट्याखाली गेलेला माणूस. "मित्रांनो, घोटीला सरकारी टॉवर येतोय, कागद मंत्रालयात पोचलाय! मग दिल्ली फुकटातच दिसणार. तिच्यावर डिश कशाला वाया घालवता? रशिया घ्या! सर्कस! फुटबॉल! बर्फावर नाचणाऱ्या बाया!" बाया म्हटल्यावर दहा हात वर. दिल्लीलाही दहा. उरलं कोण? मी! आता मला सर्कस आवडते हो… लहानपणी एकदाच पाहिली, तीही तंबूच्या फटीतून. केला हात वर!

आमची विमल गच्चीवर येऊन बघते नि म्हणते, "अहो, रशिया नकाशात वर हाय ना? मग ही थाळी खाली मद्रासकडं तोंड करून का बसलीय?" मला काय माहीत? तोवर सिमेंट वाळलं होतं.

आणि दिसलं काय? रंगीत टीव्हीवर काळापांढरा माणूस. कोट घालून कागद वाचतोय. दोन तास! "पुंजाभाऊ, काय म्हणतोय हा?" "उत्पादन वाढलंय म्हणतोय." दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस. "आणि हा?" "हा म्हणतो, आणखी वाढलंय." टॉवरचा कागद मंत्रालयातच, सर्कशीचा पत्ता नाही… एकच निवडायचा होता हो, एकच!

तरी तेही चाललं असतं. पण जानेवारीत आमच्या मुलीचं, संघमित्राचं पत्र आलं. ती नाशकात कॉलेजला, एनसीसीत. लिहिते, 'दादा, सव्वीस जानेवारीच्या परेडला निवड झाली. दिल्लीला चालले.' अहो, सव्वीस जानेवारी! बाबासाहेबांची घटना लागू झाली तो दिवस, आणि त्या दिवशी आमची पोर राजपथावर चालणार! विमलनं एकवीसही घरांत पेढे वाटले, सगळ्यांना बघायला बोलावलं. मग माझ्याकडं वळून हळूच विचारते, "तुमच्या रशियात दिसंल का माझी मित्रा?"

मी म्हटलं, नाशकाला जाऊ, कुणाकडंही बघू. "नाय. मी बोलावलंय समद्यांना."

पहार घेतली. सिमेंट फोडायला पुंजाभाऊच आले बिचारे. सव्वीसला सकाळी गोटीराम हजर. आठ माणसांनी डिश पाठीवर उचलली, त्यात मी. गोटीराम ओरडतोय, "थोडं डावीकडं! दिसलं का?" खालून, "मुंग्या!" "वर घ्या! आता?" "मुंग्याऽऽ!" पाठीचा काटा ढिला झाला. तेवढ्यात खालून बँडचा आवाज! गोटीराम किंचाळला, "कुणी श्वास घेऊ नका!" आणि खाली विमलचा आवाज, "ती बघा! तिसऱ्या रांगेत! माझी मित्रा!" दृष्ट काढायला कानशिलावर कडाकडा बोटं मोडलेली मला वरपर्यंत ऐकू आली. मी काय पाहिलं? डिशची मागची बाजू. पण रडलो हो, रडलो. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, एवढंच.

त्यानंतर डिश पुन्हा बसवली ती अशी वाकडी, की रशियाही गेला, दिल्लीही गेली. एकच निवडा म्हणे… एकही राहिला नाही!

आठ दिवसांनी पोरगी घरी आली. आईनं पुढ्यात ताट ठेवलं, म्हणाली, "काय रुबाबात चालत होतीस गं!" पोरगी घास तसाच धरून बसली. "आई… मला ताप होता. राखीवमध्ये ठेवलं. मी छावणीतच होते, टीव्हीपुढं. चित्र लय स्वच्छ होतं."

विमल म्हणते, "मग मी बोटं मोडली ती कुणाच्या पोरीवरून?"

कुणाला माहीत? मीच आपला म्हटलं, "असंल कुणाची तरी. मोडलीस ते बरं केलंस. तिच्या आईला तरी कुठं दिसली असंल?"